एक लाईट उघडला, वॉरंटी आठांची गेली का?

प्रश्न : कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत माझा स्टेज लाईट भाड्याने देण्याचा छोटा व्यवसाय आहे. मी, धाकटा भाऊ आणि एक पोरगा, एवढीच माणसं. चौदा महिन्यांपूर्वी आठ एलईडी मूव्हिंग हेड, म्हणजे मोटरवर फिरणारे स्टेज लाईट, एकाच बिलावर ३ लाख ६० हजारांना घेतले. बिल दुकानाच्या जीएसटी नंबरवर आहे आणि वॉरंटी दोन वर्षांची. गणपतीच्या तोंडावर एकाचा पॉवर सप्लाय उडाला. कंपनीचं सर्व्हिस सेंटर मुंबईत, पाच आठवडे लागतील म्हणाले. मी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून त्याच रेटिंगचा एसएमपीएस, म्हणजे पॉवर सप्लायचा भाग, मागवून स्वतः बसवला आणि लाईट चालू झाला. आता दुसऱ्या एका लाईटची टिल्ट मोटर (लाईट वर-खाली वळवणारी) अडकते. तो मी कधीच उघडलेला नाही. कंपनी फोनवर म्हणते, एक उघडलात म्हणून आठांचीही वॉरंटी रद्द. त्यातच एका नाट्यसंस्थेने लिहून मागितलं आहे की लाईटमुळे काहीही झालं तर सगळी जबाबदारी माझी. मी काही बेकायदेशीर केलं आहे का? आणि त्या कागदावर सही करू का?

उत्तर : बेकायदेशीरपणाची भीती आधी मनातून काढा. स्वतःच्या पैशाने घेतलेला लाईट उघडून त्यातला जळालेला भाग बदलला, यात गुन्हा नाही. ज्या गावात उद्यमनगरसारखी वसाहत आहे, पार्ट मिळाला नाही तर तो बनवून मशीन चालू करायची जिथे रीत आहे, तिथल्या माणसाने हा प्रश्न भीत भीत विचारावा याचं मला वाईट वाटलं.

एक मर्यादा मात्र ओळखून ठेवा. विद्युत सुरक्षेच्या केंद्रीय नियमांप्रमाणे जागेतल्या वीजमांडणीचं काम, म्हणजे वायरिंग, वितरण बोर्ड, त्यातली वाढ किंवा फेरबदल, हे परवानाधारक ठेकेदाराकडूनच करून घ्यावं लागतं. दिवा, पंखा, फ्यूज, स्विच यांसारख्या वस्तू बदलण्याला सूट आहे, पण त्या बदलाने मांडणीची क्षमता किंवा स्वरूप बदलता कामा नये. दुकानातल्या टेबलावर, प्लग काढून, लाईटचा एसएमपीएस बदलणं हे माझ्या मते वीजमांडणीचं काम नव्हेच. तोच लाईट नाट्यगृहात नेल्यावर लाईट टांगायच्या बारवरचा सॉकेट तुम्ही बदलायला लागलात, की ओलांडली रेषा. आणि ‘क्षमता बदलू नये’ ही कसोटी लाईटच्या आतही पाळा. शार्पीत (अरुंद झोताच्या मूव्हिंग लाईटमध्ये) २३० वॉटचा सेव्हन-आर दिवा असेल तर तसलाच बसवा, ‘जरा जास्त उजेड पडेल’ म्हणून वरचा नको. एसएमपीएसचं व्होल्टेज आणि वॉट तंतोतंत जुळवा. एलईडी ड्रायव्हर घेताना भारतीय मानक ब्युरोच्या नोंदणीचं चिन्ह आणि त्याखालचा आर अक्षराने सुरू होणारा नंबर पाहूनच घ्या, आणि बिल घ्या. बिनबिलाचा स्वस्त पार्ट पुढे साक्षीपुराव्यात उभा राहत नाही.

आता वॉरंटी. वॉरंटीपत्रात ‘अनधिकृत व्यक्तीने उघडल्यास वॉरंटी संपुष्टात’ असं वाक्य असणारच. उघडलेल्या लाईटच्या पॉवर सप्लायपुरतं ते तुमच्या विरुद्ध जाईल. ती लढाई लढू नका, त्यात दम नाही. पण दुसरा लाईट वेगळा आहे, त्याचा सिरीयल नंबर वेगळा आहे आणि त्याला तुमचा हातही लागलेला नाही. एका बिलावर घेतले म्हणून आठ वस्तूंची एक वस्तू होत नाही. बिघाड तुमच्या उघडण्यामुळे झाला हे कंपनीला दाखवता आलं पाहिजे. न उघडलेल्या लाईटच्या मोटरबाबत ते हे कसं दाखवणार?

या मुद्द्याला आधार आहे. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने मोटारगाड्यांच्या चौदा कंपन्यांविरुद्ध आदेश दिला. बाहेरच्या गॅरेजमध्ये दुरुस्ती केली एवढ्यावरून सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही, सदोष दुरुस्तीमुळे जेवढं नुकसान झालं तेवढ्यापुरतीच ती रद्द करता येईल, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. आदेश गाड्यांबद्दल होता आणि पुढे अपिलातही गेला, त्यामुळे तुमच्या लाईटला तो थेट लागू पडतो असं मी म्हणणार नाही. त्यामागचा विचार मात्र मी तुमच्या नोटिशीत नक्की घालेन. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टलही सुरू केलं. त्यातली क्षेत्रं शेतीची अवजारं, मोबाईल, घरगुती उपकरणं आणि वाहनं ही आहेत. स्टेज लाईट त्यात बसत नाहीत, आणि दुरुस्तीच्या हक्काचा स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाही. तेव्हा त्याच्यावर भिस्त ठेवू नका.

तुमचा रस्ता ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा आहे. तिथे कंपनीचा वकील पहिल्याच तारखेला म्हणेल की लाईट धंद्यासाठी घेतले, म्हणून हे ग्राहकच नाहीत. याचं उत्तर आत्ताच तयार ठेवा. कलम २(७) च्या स्पष्टीकरणात लिहिलं आहे की केवळ स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठी वस्तू घेऊन स्वतः वापरली, तर तो ‘व्यावसायिक हेतू’ होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये लक्ष्मी इंजिनिअरिंगच्या निकालात हेच सांगितलं. स्वतः गाडी चालवून पोट भरणारा माणूस एकदोन मदतनीस घेतो म्हणून ग्राहक राहत नाही असं नाही. प्रयोगाला लाईटच्या कन्सोलवर तुम्ही बसता, भाऊ आणि पोरगा हाताखाली असतात, तुमचं चित्र तेच आहे. जीएसटी नंबरवरून ते तुम्हाला मोठा व्यापारी ठरवू पाहतील. मला तो मुद्दा एकट्याने पुरेसा वाटत नाही, पण तक्रारीत ‘उपजीविका’ आणि ‘स्वयंरोजगार’ हे शब्द स्पष्ट लिहिले नाहीत तर तो जड जातो. ते शब्द राहून गेलेल्या तक्रारी अडकतात.

रक्कम पाच लाखांच्या आत असल्याने ग्राहक आयोगात फी लागत नाही. मुंबईला जायचीही गरज नाही. तुम्ही राहता आणि काम करता ते ठिकाण कोल्हापूर, म्हणून कोल्हापूरच्या जिल्हा आयोगातच दाखल करता येतं. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं. एक बारकावा सांगतो. ‘वॉरंटीपत्रातलं कलमच अनुचित करार आहे’ अशी मागणी करायची तर राज्य आयोगाकडे जावं लागतं. त्यामुळे जिल्हा आयोगापुढे मागणी साधी ठेवा : न उघडलेल्या लाईटची विनामूल्य दुरुस्ती, आणि उरलेल्या सहा लाईटांची वॉरंटी चालू असल्याची कबुली.

आणि काकुळतीने सांगतो, तो मोटर अडकलेला लाईट उघडू नका. प्रयोग जवळ आला की हात शिवशिवतील, मला कळतं, बेल्ट घसरला असेल तर पाच मिनिटांचं काम असेल. पण आयोग वस्तू तपासणीसाठी प्रयोगशाळेत पाठवू शकतो. सील शाबूत असलेला लाईट हाच तुमचा सगळ्यात मोठा साक्षीदार आहे. सीलचे आणि सिरीयल नंबरचे फोटो आजच काढा. आधीच्या लाईटमधला जळका एसएमपीएस भंगारात गेला नसेल तर पिशवीत घालून, वर तारीख लिहून ठेवा. नकार फोनवर मिळाला आहे, तेव्हा तुम्हीच ई-मेल करा : ‘अमुक तारखेला तुम्ही असं सांगितलंत, ते लेखी कळवा.’ उत्तर आलं नाही तरी तो ई-मेल पुरावा होतो. त्यानंतर पंधरा दिवसांच्या मुदतीची नोटीस. मधल्या काळात राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन १९१५ वर तक्रार नोंदवून ठेवायला हरकत नाही.

आता नाट्यसंस्थेचा कागद. कंपनीशी वाद पैशांचा आहे, हा जिवाचा आहे, म्हणून इथे थांबून वाचा.

करार कायदा, १८७२ चं कलम १५० सांगतं की वस्तू भाड्याने दिली असेल, तर तिच्यातल्या दोषामुळे घेणाऱ्याचं नुकसान झाल्यास देणारा जबाबदार असतो, त्याला तो दोष माहीत असो वा नसो. म्हणजे ‘मला कल्पना नव्हती’ हे उत्तर तुम्हाला उपलब्धच नाही, सही करा किंवा करू नका. त्यातून लाईटमध्ये फेरफार झालेला असेल तर उत्पादन दायित्वाचा, म्हणजे सदोष वस्तूमुळे झालेल्या हानीच्या भरपाईचा, दावा विक्रेत्यावर आणता येत नाही, असं ग्राहक कायद्याचं कलम ८७ म्हणतं. तुम्ही उघडलेला लाईट पेटला तर बोट तुमच्याकडेच वळेल. हलगर्जीने कुणाचा जीव गेला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

हे घाबरवायला लिहीत नाही. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली. शाहू महाराजांनी १९१५ मध्ये उभारलेली ती वास्तू जळताना पाहून सगळं गाव हळहळलं. नाट्यसंस्था आज कागद मागते, तो तुमच्यावरचा अविश्वास समजू नका.

दुरुस्तीची एक वही घाला. तारीख, लाईटचा सिरीयल नंबर, बदललेला भाग, त्याचं रेटिंग आणि बिल, काम कुणी केलं हे सगळं तिच्यात येऊ द्या. दुरुस्तीनंतर परवानाधारक वायरमनकडून बॉडीचं अर्थिंग आणि इन्सुलेशन तपासून आकडे लिहून, त्याची सही घ्या. तो एसएमपीएस बदललेला लाईट अशी तपासणी होईपर्यंत बारवर चढवू नका, आणि चढवाल तेव्हा सेफ्टी चेन लावलीच पाहिजे. ‘हलगर्जी नव्हती’ हे पुढे दाखवायची वेळ आली, तर तुमच्या हातात ही वही असेल. विमा असेल तर दुरुस्तीची माहिती विमा कंपनीला लेखी द्या. लपवलेली गोष्ट दाव्याच्या वेळी वर येते.

सही करा, पण ‘काहीही झालं तर’ हे शब्द खोडून. त्या जागी असं लिहून द्या : ‘मी पुरवलेल्या लाईटमधील दोषामुळे किंवा माझ्या माणसांच्या निष्काळजीपणामुळे झालेल्या नुकसानीस मी जबाबदार राहीन. नाट्यगृहातील वायरिंग, सॉकेट, वीजपुरवठा आणि संस्थेच्या माणसांनी केलेली हाताळणी यांमुळे झालेल्या नुकसानीस मी जबाबदार असणार नाही.’ सोबत प्रत्येक लाईटचा सिरीयल नंबर असलेली यादी जोडा आणि दोन्ही प्रतींवर संस्थेच्या सचिवांचीही सही घ्या.