आधी अंधार नीट कर

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

पुढच्या महिन्यात तू रेटिनाच्या, म्हणजे डोळ्यातल्या दृष्टिपटलाच्या, प्रयोगशाळेत रुजू होतेस, हे वाचून फार आनंद झाला. येण्याआधी काय वाचू, असं विचारलंस. वाचन होत राहील. पहिल्याच दिवशी मात्र एक काम कर. अंधारखोलीचं दार लावून घे, सगळे दिवे मालव आणि पाऊण तास नुसती बसून राहा. सुरुवातीला काहीच दिसणार नाही. मग हळूहळू दाराखालची रेघ दिसू लागेल, पडद्याच्या शिवणीतली भोकं दिसतील, एखाद्या यंत्राच्या पाठचा ठिपका दिसेल. जिथे जिथे उजेड दिसेल तिथे काळी टेप लाव. दुसऱ्या दिवशी पुन्हा बस. आणखी काहीतरी सापडतंच.

माझा हा आग्रह का, ते सांगते. उद्दीपन मिळालं की पेशी जागी होते, असं आपल्या डोक्यात बसलेलं असतं. रॉडचं, म्हणजे रेटिनातल्या मंद उजेड टिपणाऱ्या दंडपेशीचं, नेमकं उलटं आहे. अंधारात त्याच्या पेशी-आवरणातल्या काही वाहिन्या सीजीएमपी या रेणूमुळे उघड्या राहतात, सोडियम आणि थोडं कॅल्शियम सतत आत येत राहतं आणि दुसऱ्या टोकाला ग्लुटामेट हे संदेशवाहक रसायन सुटत राहतं. म्हणजे पेशी कामात असते ती अंधारात. प्रकाश पडला की तो शोषणारं रोडॉप्सिन हे रंगद्रव्य ट्रान्सड्युसिन या प्रथिनाला जागं करतं, ट्रान्सड्युसिन फॉस्फोडायएस्टरेज या विकराला, ते सीजीएमपी तोडतं, वाहिन्या मिटतात आणि प्रवाह घटतो. 1965 साली तोमिता यांनी कार्प माशाच्या शंकूपेशीत (रेटिनातली रंग टिपणारी पेशी) इलेक्ट्रोड घातला आणि प्रकाशाने ती पेशी अधिक ऋण होते, हे दाखवलं. 1970 साली हॅगिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदराच्या रॉडमधला हा अंधारातला प्रवाह मोजला. तू जे मोजणार आहेस ती या प्रवाहात पडणारी घट आहे. अंधार कच्चा असेल तर प्रवाह आधीच घटलेला असतो, मग मोजणार काय?

मी नवीन असताना आमच्या नोंदी तीन आठवडे बिघडलेल्या येत होत्या. प्रतिसाद लहान, नको तितके झटपट, संवेदनक्षमता कमी. मी द्रावण बदललं, सामू तपासला, तापमान पुन्हा पुन्हा मोजलं. एका संध्याकाळी काम आटोपल्यावर तशीच अंधारात बसून राहिले आणि विच्छेदनाच्या टेबलामागे तापमान-नियंत्रकाचा बारीक हिरवा दिवा दिसला. हिरवाच. रोडॉप्सिन सर्वांत जास्त प्रकाश शोषतं ते 500 नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे निळसर-हिरव्या भागात. रेटिना सोडवतानाच आम्ही त्याला उजेडात धरत होतो. त्यावर उपायही नसतो, कारण सोडवलेल्या रेटिनाला मागच्या रंगद्रव्य-स्तराची सोबत उरत नाही आणि त्या सोबतीशिवाय रॉडमधलं उडालेलं रोडॉप्सिन पुन्हा तयार होत नाही. एकदा उडालं ते उडालं, आणि ती पेशी पुढे अंधारातही मंद उजेडात बसल्यासारखी वागते. तीन आठवड्यांच्या सगळ्या नोंदी मी रद्द केल्या. लाल दिवा चालतो, असं कोणी सांगेल. रॉड लाल प्रकाश अगदी कमी शोषतात हे खरं, पण शून्य नाही, आणि विच्छेदनाला वेळ लागतो. शंकूपेशींवर काम करणार असशील तर लाल दिव्याचा विचारही नको. अवरक्त प्रकाश आणि त्यातून पाहायचा चष्मा वापर. त्या चष्म्यात अंतराचा अंदाज चुकतो, म्हणून आधी उजेडात डोळे मिटून चिमटा आणि कात्री हाताळायची सवय कर.

आता सक्शन पिपेट, म्हणजे पेशी हलकेच आत ओढून तिचा प्रवाह मोजायची काचेची बारीक नळी. हे तंत्र येणाऱ्या माणसाशेजारी उभं राहूनच शिकावं लागतं, तरी थोडं सांगते. रेटिनाचा तुकडा कक्षात ठेवलास की कडेला रॉडचे बाह्यखंड, म्हणजे प्रकाश शोषणारी टोकं, गवताच्या पात्यांसारखे बाहेर आलेले दिसतील. टोडचा (भेक, बेडकासारखा प्राणी) बाह्यखंड सुमारे 60 मायक्रॉन लांब आणि सहा-सात मायक्रॉन रुंद असतो, उंदराचा जेमतेम दीड मायक्रॉन रुंद. म्हणून हात बसेपर्यंत मोठ्या पेशी बऱ्या. पिपेटचं तोंड आचेवर गुळगुळीत केलेलं हवं आणि बाह्यखंड त्यात घट्ट बसेल इतकंच मोठं. ओढ अगदी हलकी दे. पेशी सरकत आत येते, मध्येच अडते, तेव्हा जोर लावायचा नाही. थांब. बहुतेक वेळा ती आपली आपण पुढे सरकते. जोर लावलास तर तुटते आणि पडद्यावर फक्त नॉइज उरतो.

यानंतरचा भाग मला सगळ्यांत प्रिय आहे. 1979 साली बेलर, लॅम आणि याउ यांनी टोडच्या एकेका रॉडवर अतिशय मंद फ्लॅश टाकले. फ्लॅश तोच, पण प्रतिसाद कधी काहीच नाही, कधी सुमारे एक पिकोअँपिअर (अतिसूक्ष्म विद्युतप्रवाहाचं एकक), कधी त्याच्या दुप्पट. एकेक फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा एकेक कण, मोजला जात होता. फ्लॅशमागे सरासरी अर्धा फोटॉन शोषला जात असेल, तर प्वासाँच्या संभाव्यतेच्या गणिताने शंभरातले 61 फ्लॅश रिकामे जायला हवेत. म्हणून रिकामे फ्लॅश वहीत लिहायचे, गाळायचे नाहीत. छान दिसणारे प्रतिसाद निवडून त्यांची सरासरी काढणारे मी पाहिलेत. त्या सरासरीला काही अर्थ नसतो, कारण फोटॉन मोजता येतात ते या रिकाम्या जागांमुळेच. फ्लॅशची तीव्रता रोज मोज, कालचा आकडा आज धरू नकोस.

फ्लॅश न टाकताही दहा मिनिटं नोंद घे. टोडच्या रॉडमध्ये साधारण 50 सेकंदांत एखादी उसळी दिसेल, हुबेहूब फोटॉनसारखी. प्रकाश तर नाही. एखादा रोडॉप्सिनचा रेणू निव्वळ उष्णतेने आपोआप बदललेला असतो. एका रॉडमध्ये असे अब्जावधी रेणू असतात, म्हणजे एकेक रेणू सरासरी हजारो वर्षं तसाच टिकतो. हे पहिल्यांदा पडद्यावर पाहिलं तेव्हा मी बराच वेळ काही बोलू शकले नव्हते. पण या उसळ्या मोजल्यावरच तुझ्या अंधारखोलीत किती उजेड शिरतो, ते कळेल. त्या फार वाढल्या तर पुन्हा टेप घेऊन बस.

प्राण्यांबद्दल एवढंच, की परवानगीचे कागद पूर्ण झाल्याशिवाय हात लावायचा नाही, आणि एक प्राणी गेला की दोन्ही डोळ्यांतून जितकं शिकता येईल तितकं शिकायचं. दुसरा डोळा थंड द्रावणात, पूर्ण अंधारात ठेव. द्रावणातला प्राणवायू आधी तपास. वेळ गेला म्हणून तो डोळा टाकून दिलेला मला चालणार नाही.

पहिल्या फोटॉनची नोंद मिळाली की मला पाठव. त्याच्या आधीचे आणि नंतरचे सगळे रिकामे फ्लॅशही सोबत हवेत.

तुझी,
बाई