अठरा पूर्ण होण्याआधीचे सहा महिने

ताई, तुमचा प्रश्न वाचला. तासगावजवळ राहता, मुलगा साडेसतरा वर्षांचा, सौम्य बौद्धिक अक्षमता, मार्चमध्ये विशेष शाळा संपणार. मग पुढे काय, का घरीच बसवायचा? नऊ वर्षांपूर्वी मिरजेत आम्हीही इथंच अडलो होतो. मुलगा आता 27 वर्षांचा आहे आणि सांगलीत बेदाण्याच्या पॅकिंगला जातो.

कागदांचं आधी उरकतो. बौद्धिक अक्षमतेचं प्रमाणपत्र 18 व्या वर्षी नव्याने करावं लागतं, ते मग आयुष्यभर चालतं. त्याच्या स्वतःच्या नावाचं बँक खातं आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे सरकारचं दिव्यांग ओळखपत्र, हवं. एसटीत 75 टक्के सवलत मिळते, रोजच्या जाण्या-येण्यात तिचा मोठा आधार होतो. अठरानंतर आई-वडील कायद्याने आपोआप पालक राहत नाहीत. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समितीकडे पालकत्वासाठी अर्ज करावा लागतो. सरकारी नोकरीतलं 4 टक्के आरक्षण तुम्ही विचारलंय. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने त्यात आपल्या मुलांसाठी पहिल्यांदा जागा झाली हे खरं, पण जाहिरात, परीक्षा आणि पात्रता यातून जावंच लागतं. त्याची वाट बघत मुलाला बसवून ठेवू नका.

आता खरं दुखणं. माझ्या मुलाचं पहिलं काम एका कॅन्टीनमधलं, कप विसळायचं. कप लख्ख करायचा. अकराव्या दिवशी निरोप आला, उद्यापासून पाठवू नका. म्हणे दुपारी चिडतो, कोपऱ्यात जाऊन बसतो. आठवडाभराने बायकोच्या लक्षात आलं की डबा रोज भरलेलाच परत येत होता. घरी आई ताट वाढायची, शाळेत घंटा व्हायची. तिथं "जेव आता" असं कुणी म्हणालंच नाही, आणि "भूक लागली" म्हणायची त्याला सवयच नव्हती. काम येत असूनही ते गेलं.

म्हणून कामाचं शिक्षण मागाहून झालं तरी चालेल. या सहा महिन्यांत एवढंच बघा: फोनचा गजर वाजला की स्वतःहून डबा उघडणं, "मला कळलं नाही, परत सांगा" म्हणणं, आणि एकट्याने एसटी. बाईंना सांगा, शाळेतही हेच घटवून घ्या. आमचा एकदा विसर्जन मिरवणुकीमुळे बस भलत्या रस्त्याने गेली म्हणून थेट शेवटच्या थांब्यावर पोचला. खिशातल्या कार्डावर नंबर होता, कंडक्टरने फोन केला. दुसऱ्या दिवशी मी त्याला परत त्याच बसमध्ये बसवलं. बायको दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

पॅकिंगमध्ये त्याला आधी वजनावर बसवलं होतं. त्याला आकडे कळत नाहीत, म्हणून मी पुठ्ठ्यावर 500 लिहून काट्याशेजारी चिकटवलं, दोन्ही सारखं दिसेपर्यंत टाकत राहायचं. हा पठ्ठ्या 501 दिसलं की एक बेदाणा काढायचा, 499 झालं की परत टाकायचा. एका पाकिटाला दहा मिनिटं! शेठ वैतागले. पण तिथल्या एका मावशींच्या नजरेला आलं की त्याच्या हातून गेलेल्या मालात एकही काडी नसते. त्याला निवडण्यावर घेतलं, तो आजतागायत तिथंच आहे. वजनावरचा त्याचा हट्ट तिथं कामी आला.

पहिले तीन आठवडे मी रजा काढून तिथं होतो. आधी त्याच्या शेजारी, मग दाराशी, शेवटी बाहेर चहाच्या गाड्यावर. हे शाळा करणार नाही आणि शेठला वेळ नसतो, घरातल्याच कुणीतरी करायचं. अट मात्र आधीच घालायची: महिनाभर बघा, मग पगार ठरवा आणि तो खात्यावर जमा करा. "येऊ दे की, बसेल इथं" याला हो म्हणालात तर वर्षानुवर्षं फुकट बसेल. संजय गांधी निराधारचे पैसे घेत असाल तर उत्पन्नाची मर्यादा तहसीलमध्ये आधी विचारा. त्या भीतीनेच कित्येक घरं मुलाला कामावर पाठवत नाहीत.

तुमच्याकडे फेब्रुवारीत बेदाण्याचा हंगाम सुरू होईल. ओळखीच्या शेडवर शनिवारी दोन-दोन तास घेऊन जा. काड्या वेचतो, पेट्या उचलतो की नुसता ट्रॅक्टर बघत उभा राहतो, चार शनिवारांत कळेल. डबा बरोबर द्या, दोनच तास असले तरी.