थकबाकीची यादी मीही ग्रुपवर टाकली होती

ताई, तुमची पोस्ट दोनदा वाचली. सव्विसाव्या वर्षी सरपंच झालात, गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज सगळी माहिती टाकता, तरी ग्रामसभेत कुणी ऐकून घेत नाही. चॅटजीपीटीकडून लिहून घेतलेलं भाषण वाचलं तर मागची पोरं हसली. एकेकट्या माणसाशी बोलायची वेळ आली की घशाला कोरड पडते. इथपर्यंत मला काही वाटलं नाही, सगळ्यांचंच असं होतं. पण शेवटच्या ओळीत सहज लिहिलंय, की मार्चअखेर घरपट्टी-पाणीपट्टीच्या वसुलीसाठी थकबाकीदारांची यादी ग्रुपवर टाकायचा विचार आहे. ती ओळ वाचून राहवलं नाही.

मी ऑक्टोबर 2017 मध्ये थेट जनतेतून सरपंच म्हणून निवडून आलो, वय 27. गाव साडेतीन हजार वस्तीचं. ग्रामसभेचा कोरम (किमान हजेरी), सात दिवसांची नोटीस, आधी महिलांची सभा हे तुम्हाला माहीत असणारच, त्यात शिरत नाही.

निवडून आल्याआल्या मी ग्रुप काढला. तेव्हा एका ग्रुपात 256 च माणसं मावायची, म्हणून वाडीवस्तीप्रमाणे तीन केले. मोटर जळाली, टाक ग्रुपवर. लसीकरण आहे, टाक ग्रुपवर. लोक अंगठे दाखवायचे आणि मला वाटायचं, गाव आपलं ऐकतंय. संध्याकाळी पारावर बसायचं मी कधी बंद केलं ते माझ्याही लक्षात आलं नाही.

मार्च 2019. तालुक्याच्या एका कार्यालयातून रोज फोन (नाव घेत नाही, अजून कामं पडतात). वसुली किती टक्के? एवढीच का? शेवटी तिथले साहेब म्हणाले, "यादी ग्रुपवर टाका आणि स्क्रीनशॉट आम्हाला पाठवा. लाजेनं भरतात लोक." मला पटलं. ऑपरेटरनं संगणकातून नमुना 9 ची, म्हणजे कुणाची किती पट्टी येणं आहे त्या नोंदवहीची, यादी काढली, आकडे लाल केले, आणि रात्री साडेनऊला मी ती तिन्ही ग्रुपवर सोडली. 61 नावं.

तिसरं नाव आमच्या अण्णांचं. सत्तरी ओलांडलेले, माळकरी, कुणाचे दहा रुपये ठेवून न घेणारे. नावापुढं 1,840 रुपये. अण्णांकडं साधा फोन. त्यांच्या मुलानं चाकणला कंपनीत रात्रपाळीला असताना यादी बघितली. अण्णांना स्वतःला कळलं ते सकाळी दूध डेअरीवर, रांगेतल्या कुणीतरी "अण्णा, पट्टी भरा की" म्हटल्यावर. कॅन तिथंच ठेवून ते घरी गेले.

त्यांनी पैसे डिसेंबरातच भरले होते. शिपायानं पावती फाडली होती, संगणकात नोंद झाली नव्हती. बस, एवढंच.

आता माझी खरी चूक ऐका. यादी ही घाई होती. त्यानंतर जे केलं ते वाईट. सकाळी कळल्यावर मी मेसेज पुसायला गेलो, तेव्हा तासाभरानंतर पुसता यायचा नाही. मग ग्रुपवरच लिहिलं, "तांत्रिक चुकीबद्दल दिलगीर आहोत," पुढं हात जोडलेले दोन. ज्या माणसाकडं व्हॉट्सॲपच नाही त्याची माफी मी व्हॉट्सॲपवर मागितली! वर अण्णांचं घर पंचायतीपासून दोनशे पावलांवर.

चार दिवसांनी गेलो, तेही उपसरपंच आणि शिपायाला घेऊन. अण्णा बाहेर आलेच नाहीत. तिघं मिळून गेलो की ती वसुलीच वाटते, हे तेव्हा सुचलं नाही. दुसऱ्यांदा एकटा गेलो, धारा काढून झाल्यावर. अण्णांनी ट्रंकेतून प्लॅस्टिकची पिशवी आणली आणि सगळ्या पावत्या माझ्यापुढं सतरंजीवर ओतल्या. वर्षानुवर्षांच्या, रबर लावलेल्या. म्हणाले, "बघ, कुठं राहिलंय का." मी एकेक पावती वाचली. अर्धा तास कुणी बोललं नाही, काकूंनी आणलेला चहा तसाच निवला. शेवटी म्हटलं, "अण्णा, चुकलं माझं. आधी पावती बघायला पाहिजे होती." ते म्हणाले, "आधी आला असतास तर पाच मिनिटांचं काम होतं."

मी विचारलं, 1 मेच्या ग्रामसभेत सांगू का? तुमचं नाव घेऊ का? "घे की. नाव घेऊनच टाकलं होतंस ना."

आणि ते कार्यालय? अण्णांच्या मुलानं तक्रार केल्यावर तेच साहेब म्हणाले, "आम्ही तसं लेखी कुठं सांगितलंय?" तेव्हापासून तोंडी आदेश आला की मी म्हणायचो, साहेब, एक ओळ पत्र द्या. निम्मे आदेश तिथंच विरायचे. निवडून आल्यावर एक प्रशिक्षणही झालं होतं, त्यात 'संवाद कौशल्य' नावाचा चाळीस मिनिटांचा तास. शिकवणारे भिंतीकडं बघून स्लाइडा वाचत होते. असो.

तर यादी टाकू नका. त्यात कायद्याचं काय बसतं ते तुमच्या ग्रामसेवकांना विचारा (आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं, माझ्या तोंडात बसत नाही). मी फक्त अनुभवाचं सांगतो. आधी पावतीपुस्तकं आणि नमुना 9 समोरासमोर लावा. मग रोज संध्याकाळी पाच घरं, एकटीनं किंवा फार तर एका बाईमाणसाला घेऊन. पहिली दहा मिनिटं पट्टीचा विषय काढायचा नाही. आमच्याकडं बरीच थकबाकी भांडणाची निघाली: नळाला पाणीच येत नाही, पट्टी कशाची? पडवी पाडून चार वर्षं झाली, आकारणीत अजून आहे. ते त्यांच्यासमोरच वहीत लिहायचं. घशाची कोरड विसाव्या घरापर्यंत जाते. माझं गाव लहान होतं, तुमचं दहा हजारांचं असेल तर हे असंच्या असं जमणार नाही, तेही कबूल.

भाषणाचं म्हणाल, तर चॅटजीपीटीकडून अर्ज, प्रस्ताव खुशाल लिहून घ्या, मीही घेतो. पण "शाश्वत विकासाच्या दिशेने वाटचाल" असलं वाक्य तुम्ही घरी बोलता का? नाही ना? मग पोरं हसणारच. चार मुद्दे तळहातावर लिहा आणि सासूबाईंना सांगता तसं सांगा. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी मिनिटाच्या आतला आवाजी मेसेज चांगला चालतो, फक्त रागात असताना रेकॉर्ड करू नका. आणि एक आगाऊपणा करतो, राग मानू नका: ग्रुपवर तुमच्या नावानं तुमचे मिस्टर उत्तरं देतात असं तुम्हीच लिहिलंय. ते आधी थांबवा. ते उत्तर देतात तोवर गाव प्रश्न त्यांनाच विचारणार.

माइक मात्र आदल्या रात्री तपासून घ्या. 1 मेला अण्णांचं नाव घेतलं आणि नेमका तेव्हाच माइक गेला. पुढची माफी मला ओरडून मागावी लागली, आणि मागच्या रांगेतून आवाज आला, "ऐकू आलं नाही, परत!"