पोलिश शब्दखेळ : उत्तर-दक्षिणेचा घोळ

प्रश्न : मार्चिन बोर्कोव्स्की यांच्या ‘पुश्का पँडोरी’ (१९८६) या झेडएक्स स्पेक्ट्रम या जुन्या घरगुती संगणकावरच्या पोलिश शब्दखेळाच्या (खेळाडू आदेश टाइप करून खेळतो, अशा खेळाच्या) धर्तीवर मी बेसिक या प्रोग्रॅमिंग भाषेत छोटा खेळ लिहितो आहे. शब्दाची पहिली तीन अक्षरं जुळवतो, पण ‘दक्षिण’ टाइप केलं तरी खेळाडू उत्तरेलाच जातो. पोलिश अक्षरंही कीबोर्डवर नाहीत. काय करावं?

उत्तर : तीन अक्षरं पोलिशला पुरत नाहीत. उत्तर म्हणजे पुव्नोत्स, दक्षिण म्हणजे पोवुद्न्ये. पोलिश अक्षरांच्या खास खुणा गाळून टाइप केले की दोन्ही शब्द पी-ओ-एल असेच सुरू होतात आणि यादीत जो आधी, तो जिंकतो. चौथं अक्षर घ्या : एकात एन, दुसऱ्यात यू. त्यासाठी शब्द ‘१ टू ४’ असा कापू नका. तो तीनच अक्षरांचा निघाला, तर ‘सबस्क्रिप्ट राँग’ म्हणून प्रोग्रॅम थांबेल. त्यापेक्षा बेसिकच्या ‘डिम’नं चार अक्षरांची स्ट्रिंग (अक्षरं ठेवायची जागा) करा आणि ‘लेट’नं शब्द तिच्यात घाला. स्पेक्ट्रम जास्तीचं आपोआप छाटतो, कमी पडलं तर मोकळ्या जागा भरतो. फार सोयीचं आहे हे.

अक्षरांसाठी यूडीजी, म्हणजे स्वतः आखायची चिन्हं, वापरा. २१ जागा मिळतात, प्रत्येकी ८ बाइट. पोलिशची खास अक्षरं ९; लहान-मोठी मिळून १८, म्हणजे ३ जागा उरतात. शेपटीवाल्या ‘ए’ची शेपटी आठव्या, सर्वांत खालच्या ओळीत काढा, मूळ ‘ए’ तिथं पोचत नाही. मात्र ही अक्षरं छापण्यापुरतीच ठेवा. दर शब्दाला कॅप्स शिफ्ट आणि ९ दाबून ग्राफिक्स मोडमध्ये जायला लावलं, तर खेळाडू कंटाळेल. आदेश साध्या अक्षरांतच घ्या.

खरी कसोटी विभक्तीची. ‘लाम्पा’ (दिवा) कर्म झाला की ‘लाम्पे’ होतो. चार अक्षरांवर तो निभावतो. पण ‘प्येस’ (कुत्रा) ‘प्सा’ होतो, आपल्या ‘कुत्रा-कुत्र्याला’पेक्षाही जास्त बदलतो. अशा नामांची दोन्ही रूपं कोशात घाला आणि त्यांना एकच क्रमांक द्या.

संदेश छापतानाही हाच प्रश्न येतो : ‘दिवा इथं नाही’ म्हणताना षष्ठी लागते, ‘लाम्पी’. प्रत्येक नामासाठी तिसरं रूप साठवायचं नसेल, तर ‘तेगो तू न्ये मा’ (ते इथं नाही) एवढंच छापा. त्यात नामच येत नाही.