मॉड्युलर की फुल-फेस? आधी सांगा, उघडं ठेवून चालवणार का

कासारवडवलीहून महापे एमआयडीसीत रोजचं जाणं-येणं, साडेतीनशे सीसीची बाईक, जाड भिंगांचा चष्मा, महिन्यातून एखाद्या रविवारी माळशेज नाहीतर जुन्या हायवेने लोणावळा, बजेट सात-आठ हजार. मित्र म्हणतोय मॉड्युलर हेल्मेट घे, म्हणजे बटण दाबलं की हनुवटीसकट समोरचा भाग वर उघडणारं. मेव्हणा म्हणतोय फुल-फेसच घे, म्हणजे हनुवटी झाकणारं, न उघडणारं, वर स्वतःचं जुनं फुल-फेस फुकट द्यायला तयार आहे. कुणाचं ऐकू, असा तुमचा प्रश्न.

मेव्हण्याचं ऐका, पण त्याचं हेल्मेट घेऊ नका. त्याबद्दल शेवटी बोलतो. शिवाय त्याने दिलेलं कारण, म्हणजे ‘पडल्यावर मॉड्युलरचं लॉक सुटतं’, तेही सरसकट खरं धरू नका. माझी तक्रार लॉकपेक्षा ते हेल्मेट घालणाऱ्याबद्दल जास्त आहे, आणि त्या घालणाऱ्यांत मी पहिला.

एकोणीस वर्षं ठाणे-नवी मुंबई बाईकवरच करतोय. आधी मानपाडा ते रबाळे, आता उलटं, कोपरखैरणे ते वागळे इस्टेट. एवढ्या वर्षांत चार फुल-फेस आणि दोन मॉड्युलर झाली. पहिलं मॉड्युलर घेतलं तेव्हा मी तुमच्या मित्रासारखाच सगळ्यांना सांगत सुटलो होतो. पेट्रोल पंपावर बटण दाबा, समोरचा भाग वर, पैसे द्या, निघा. सोसायटीचा वॉचमन ‘चेहरा दाखवा साहेब’ म्हणाला तरी हेल्मेट काढायची गरज नाही. टपरीवर चहासुद्धा डोक्यावर हेल्मेट ठेवून पिता येतो. चष्मा न काढता हेल्मेट चढतं. हे फायदे खरेच आहेत, मी नाकारत नाही.

पण मे महिन्यात घोडबंदर रोडवर, मेट्रोच्या पत्र्यांना चिकटून, पुढे टँकर आणि मागे बस अशा अवस्थेत वीस मिनिटं अडकलात की हात आपोआप त्या लाल बटणाकडे जातो. उघडलं की बरं वाटतं. सिग्नल सुटतो, गाडी हलते, हेल्मेट तसंच राहतं. पुढच्या सिग्नलला पुन्हा उघडायचंच आहे, मग आत्ता कशाला लावा? पहिल्या आठवड्यात फक्त थांबल्यावर उघडायचो. दुसऱ्या महिन्यात कापूरबावडी ते कळवा नाका मी उघडं ठेवूनच जात होतो.

२०१९ च्या जुलैत एका संध्याकाळी विटाव्याला रेल्वे पुलाखाली पाणी भरलं, म्हणून ऐरोली पुलावरून वळसा घेतला. पाऊस, काचेवर वाफ, चष्म्यावर वाफ, सबब हेल्मेट उघडं. पुलावर गाड्या मुंगीच्या पावलांनी चाललेल्या, माझा वेग पंधराचाही नसेल. सांध्याच्या ओल्या लोखंडी पट्टीवर पुढचा ब्रेक जरा जास्त दाबला गेला आणि पुढचं चाक पायाखालून चादर ओढावी तसं गेलं. हनुवटी थेट दुभाजकाच्या कडेवर. ओठाला आतून चार टाके, वरचा पुढचा दात अर्धा. घरी येऊन हेल्मेट पुसायला घेतलं, तर डोक्यावर उघडा राहिलेला तो चिन बार, म्हणजे हनुवटीपुढचा भाग, अगदी कोरा. एक ओरखडा नाही.

त्या हेल्मेटच्या पट्ट्यावरचं लेबल मी त्या रात्री पहिल्यांदा वाचलं. तुम्ही दुकानातच वाचा.

ईसीई, म्हणजे युरोपात चालणाऱ्या मानकाची, मान्यता असलेल्या हेल्मेटच्या पट्ट्याला एक छोटं कापडी लेबल शिवलेलं असतं. त्यावर वर्तुळात ई आणि एक आकडा. तो आकडा मान्यता देणाऱ्या देशाचा, ३ म्हणजे इटली, ९ म्हणजे स्पेन. आकडा कितीही असला तरी चाचणी तीच, तेव्हा त्यावरून दर्जा ठरवू नका. त्याखालच्या लांब क्रमांकाची सुरुवात ०५ किंवा ०६ ने होते, ती मानकाची आवृत्ती. ०६ ही २०२१ पासूनची. तिच्यात आघाताच्या जागा वाढवल्या आणि डोकं गर्रकन फिरवणाऱ्या तिरप्या आघाताची चाचणी नव्याने आली. मिळत असेल तर ०६च घ्या.

खरी गंमत क्रमांकाच्या पुढच्या अक्षरात आहे. ‘पी’ म्हणजे हनुवटीचा भाग संरक्षक म्हणून तपासलेला. ‘जे’ म्हणजे ओपन-फेस, हनुवटी उघडी ठेवणारं. ‘एनपी’ म्हणजे हनुवटीवर आवरण आहे, पण ते संरक्षण देत नाही, नुसतं वाऱ्यापुरतं. मॉड्युलरवर नुसतं ‘पी’ असेल तर ते बंद स्थितीत वापरण्यासाठीच मान्य झालेलं आहे, उघडून गाडी चालवण्यासाठी नाही. ‘पी/जे’ असेल तर दोन्ही स्थितींत तपासलेलं. माझ्यावर नुसतं ‘पी’ होतं आणि मी ते महिनोन्महिने ‘जे’ म्हणून वापरत होतो. अर्थात ‘पी/जे’ असतं तरी उघड्या हनुवटीचं त्या दिवशी तेच झालं असतं. त्या अक्षराने हनुवटीपुढे काही येत नाही, एवढं लक्षात घ्या.

हनुवटीचं एवढं काय, असं वाटत असेल तर जर्मनीतले डीटमार ओट्टे यांनी अपघातांतल्या हेल्मेटवर मार कुठे कुठे बसला याची जी आकृती काढली, ती शोधून बघा. जवळजवळ तिसरा हिस्सा मार हनुवटीच्या भागावर दिसतो. टाळूवर अगदी थोडा. आपण मात्र हेल्मेट घेताना टाळूवर टिचक्या मारून बघतो.

आता मेव्हण्याच्या लॉकबद्दल. ब्रिटन सरकारची शार्प नावाची चाचणी योजना २००७ पासून आहे. ती मॉड्युलर हेल्मेटबद्दल एक वेगळा आकडा देते, आघातांच्या चाचण्यांत चिन बार किती टक्के वेळा बंद राहिला याचा. काही मॉडेल शंभर टक्के बंद राहतात, काहींचा आकडा बराच खाली येतो. म्हणजे प्रश्न मॉडेलचा आहे, जातीचा नाही. बीएमडब्ल्यूने १९८१ मध्ये पहिलं ‘सिस्टिम’ हेल्मेट आणलं तेव्हापासून ही रचना विकसित होत आली आहे. चांगल्या मॉडेलचं लॉक तकलादू नसतं.

स्वस्तातल्या मॉड्युलरमध्ये मात्र दोन गोष्टी नीट पाहा. आतल्या आकड्या आणि ज्या खुंटीत त्या अडकतात ती खुंटी, दोन्ही धातूच्या आहेत का? बऱ्याचदा आकडी धातूची आणि खुंटी प्लास्टिकची निघते. दुसरी गोष्ट अशी की लॉक दोन बाजूंना असतं. हळू हाताने बंद केलं की कधी कधी डावीकडची आकडी बसते, उजवीकडची नाही. ‘टक’ ऐकू येतो, आपण निश्चिंत. म्हणून बंद केल्यावर बटणाला हात न लावता, दोन्ही अंगठे चिन बारखाली घालून एकदा वर ढकलायचं. जरा जरी हललं तर उघडून पुन्हा लावायचं. ही सवय मला अजून आहे. सिग्नलला शेजारचे रिक्षावाले बघतात, बघू देत. खाडीच्या खाऱ्या हवेत आणि चार महिन्यांच्या पावसात त्या आकड्यांना गंजही धरतो. पावसाळ्यात महिन्यातून एकदा कोरड्या फडक्याने पुसून सिलिकॉनचा एखादा थेंब. खोबरेल नको, धूळ चिकटते.

बाकी फरक झटपट सांगतो. मॉड्युलर साधारण दोन-तीनशे ग्रॅम जड पडतं. महापेपर्यंत कळणार नाही, माळशेजहून परतताना मुरबाडला मानेला कळेल. आवाज जास्त, कारण सांधे जास्त. पाणी शिरलंच तर काच आणि चिन बार मिळतात तिथून शिरतं. फुल-फेसमध्ये उकडतं, ही तक्रार मान्य. पण त्यावर उपाय हनुवटीच्या मोठ्या व्हेंटचा, म्हणजे हवेच्या झडपेचा आहे. काच एक घर उघडी ठेवली तरी सिग्नलला पुरेशी हवा लागते.

चष्म्याची अडचण मात्र खरी आहे आणि दुकानदार ती उडवून लावतात. दुकानात चष्मा घालूनच जा. फुल-फेस चढवा, मग काच वर करून चष्म्याच्या दांड्या कानशिलावरून सरळ आत सरकवा. सरळ दांडीची फ्रेम सहज जाते, कानामागे जास्त वळलेली अडते. कुठल्या हेल्मेटच्या गालाच्या पॅडमध्ये दांडीसाठी खाच असते, ती आहे का बघा. दहा मिनिटं तसेच बसून राहा. कानशील दुखलं तर ते मॉडेल सोडा, कितीही आवडलं तरी. वाफेसाठी पिनलॉक लावता येईल अशी काच घ्या, म्हणजे काचेच्या आत बसणारा दुसरा पातळ पडदा. मला तेव्हा पिनलॉक माहीत असतं तर दात वाचला असता, असं बायको अजून ऐकवते.

मापाचं बोलायचं तर भुवयांच्या वर दोन बोटं सोडून टेप फिरवा आणि सेंटिमीटरमध्ये आकडा घ्या, ‘मीडियम’ म्हणून मागू नका. गाल थोडे दाबले गेले पाहिजेत, बोलताना गाल दाताखाली येतो इतपत. कपाळावर एकाच जागी कळ लागत असेल तर ते तुमच्या डोक्याच्या आकाराचं नाही. पट्टा लावून मागून वर ओढा, पुढे घसरून निघालं तर मोठं आहे.

नुसत्या ‘डॉट’च्या स्टिकरवर जाऊ नका. त्या अमेरिकन मानकात चिन बारच्या आघाताची चाचणीच नाही, आणि स्टिकर तर कुठेही छापून मिळतं. आपल्याकडे १ जून २०२१ पासून दुचाकीच्या हेल्मेटला आयएसआय बंधनकारक आहे, आयएस ४१५१. खूण बघा, खालचा सीएम/एल क्रमांक बीआयएस केअर ॲपमध्ये टाकून तपासा. तुमच्या बजेटमध्ये आयएसआय आणि ईसीई दोन्ही असलेली फुल-फेस मिळतात. त्याच पैशात दोन्ही असलेलं, धातूच्या लॉकचं मॉड्युलर शोधायला जास्त फिरावं लागेल.

मॉड्युलर मी कुणाला सुचवतो? ज्यांना बंद हेल्मेटमध्ये खरोखर घुसमटतं, कानात श्रवणयंत्र आहे, किंवा दिवसभर दारोदारी थांबून माणसांशी बोलावं लागतं, त्यांना. माझ्या बहिणीने फुल-फेस दोनदा घालून फेकलं आणि शेवटी ‘पी/जे’ मॉड्युलर घेतलं. तिचं बरोबर होतं, कारण तिच्यापुढे दुसरा पर्याय बिनहेल्मेटचा होता. ती ते बंद ठेवते, माझ्यापेक्षा शिस्तीची आहे. तुम्ही यातले नाही. तुम्हाला फक्त उकाडा आणि चष्मा, म्हणजे जी दोन कारणं माझी होती तीच.

राहता राहिलं मेव्हण्याचं फुल-फेस. तुम्ही लिहिलंय की २०१६ चं आहे आणि ‘एकदाच पडलंय, तेही रिकामं’. आतलं अस्तर काढून तारखेचं स्टिकर एकदा बघून घ्या. थर्माकोलचा थर मार एकदाच खातो आणि दबलेला बाहेरून दिसत नाही. घामाने, तेलाने, उन्हाने गालाचे पॅड इतक्या वर्षांत सैल झालेले असणार, आणि ते मेव्हण्याच्या गालांवर बसलेले आहेत. नाही म्हणणं जड जात असेल तर घ्या, आभार माना, आणि पट्टा कात्रीने कापून टाका, म्हणजे पुढे कुणी डोक्यावर चढवणार नाही. आमच्या गॅलरीत तशा एका हेल्मेटमध्ये पुदिना छान आलाय.