कॉकपिटच्या फोटोंत बघायचं काय?

विमानातलं ओ की ठो कळत नाही, सगळ्या फोटोंत त्याच गोल तबकड्या दिसणार, त्यापेक्षा खरी विमानंच बघावीत का, असं तुम्ही विचारलंय. खरी विमानं जरूर बघा, पण आत कोण सोडतंय? वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन हवाई व अंतराळ संग्रहालयाच्या एरिक लाँग आणि मार्क अविनो या छायाचित्रकारांनी टिपलेली कॉकपिटं मोलाची आहेत ती यासाठीच. तबकड्या समजल्या नाहीत तरी चालेल. माणसाला कुठे आणि कसं बसवलंय, ते बघा.

'स्पिरिट ऑफ सेंट लुइस' हे विमानच घ्या. १९२७ साली अमेरिकन वैमानिक चार्ल्स लिंडबर्ग यातून एकटा, साडेतेहतीस तासांत न्यूयॉर्कहून पॅरिसला गेला. वेताची खुर्ची, आणि समोर काच नाहीच! त्या जागी इंधनाची टाकी. विमान आपटलं तर इंजिन आणि टाकी यांच्यामध्ये आपण चिरडू नये, म्हणून टाकी पुढे हवी हा त्याचाच आग्रह. पुढचं बघायला छोटा पेरिस्कोप, नाहीतर बाजूच्या खिडकीतून डोकवायचं.

पुढच्या काळातल्या विमानांत चाकं वर-खाली करायचा दांडा शोधा, त्याच्या टोकाला बहुधा छोटं चाकच असतं. दुसऱ्या महायुद्धात बी-१७ या बाँबफेकी विमानाचे वैमानिक उतरल्यावर फ्लॅपऐवजी (पंखांच्या मागच्या हलत्या पट्ट्या) चुकून चाकंच वर घ्यायचे, कारण दोन्ही बटणं शेजारी आणि सारखीच. अल्फान्स शपानिस या मानसशास्त्रज्ञाने सुचवलं, आकारच वेगळे करा, न बघता हाताला कळलं पाहिजे.

अपोलो ११ च्या 'कोलंबिया'त बटणांच्या दोन्ही बाजूंना धातूच्या कड्या दिसतील, तरंगताना धक्का लागून भलतंच बटण दाबलं जाऊ नये म्हणून. २०१६ मध्ये या यानाचं त्रिमितीय स्कॅनिंग झालं तेव्हा आतल्या भिंतींवरचा मजकूर उजेडात आला: हाताने आखलेलं, दिवस खोडलेलं कॅलेंडर, आणि एका कप्प्यावर 'वास मारणारा कचरा' असा इशारा. चंद्रावर जाऊन आले तरी माणसंच ती.

स्क्रीनवाल्या नव्या कॉकपिटांपाशी मी फार रेंगाळत नाही. वीज बंद असली की नुसत्या काळ्या काचा.

एक मात्र लक्षात ठेवा. इतक्या अडचणीच्या जागेत रुंद कोनाचं भिंग लावावं लागतं, त्यामुळे सगळं ऐसपैस वाटतं. 'फ्रेंडशिप ७' या एकट्यापुरत्या अंतराळयानात अंतराळवीर जॉन ग्लेन १९६२ साली जवळपास पाच तास होता, आणि त्यात त्याला उभंही राहता येत नव्हतं.