आढावा बैठका होतात, तरी गट शिकत का नाही?

आपला प्रश्न असा आहे की, लोकांच्याच पुढाकाराने चालणाऱ्या विकासकामात दरमहा आढावा बैठक होऊनही त्याच चुका पुन्हा का घडतात आणि मग ‘कृती आणि चिंतनातून शिकणे’ म्हणजे नेमके काय. अशा गटांसोबत बरीच वर्षे काम केल्यावर माझे मत असे झाले आहे की, बैठकीत ‘काय झाले’ हे सांगितले जाते, पण ‘काय होईल असे आपण धरून चाललो होतो’ हे आधी कुठेच नोंदलेले नसते. त्यामुळे घडलेले ताडून पाहायला काहीच हाताशी नसते.

एका पाणी समितीची वर्गणी थकत होती, म्हणून घरोघरी जाऊन ती गोळा करायचे ठरले. सुरुवात करण्यापूर्वी वहीच्या डाव्या पानावर एक वाक्य लिहून घेतले: ‘लोक विसरतात म्हणून देत नाहीत, दारात गेलो की देतील.’ दोन महिन्यांनी उजव्या पानावर जे उतरले ते निराळे होते. नळ बिघडला की चार-चार दिवस कोणी फिरकत नाही, मग पैसे कशाचे द्यायचे, असे बहुतेक घरांतून ऐकायला मिळाले होते. बैठकीत ‘लोकांना जाणीवच नाही’ असा सूर लागताच एका सदस्य बाईंनी डाव्या पानावर बोट ठेवून ते वाक्य मोठ्याने वाचले. बराच वेळ कोणी बोलले नाही. त्यानंतर ठरले ते वर्गणीबद्दल नव्हतेच: दुरुस्तीची जबाबदारी कोणाची आणि किती दिवसांत, हे आधी पक्के झाले, आणि खर्चाचा हिशेब नळाजवळच लावायचे ठरले.

मानसशास्त्रज्ञ कर्ट लेविन यांनी १९४६ मध्ये कृती-संशोधनाची, म्हणजे काम करता करताच त्यातून शोध घेत शिकण्याच्या पद्धतीची, मांडणी केली, तेव्हा नियोजन, कृती आणि कृतीच्या परिणामांविषयीचा तथ्यशोध यांची एकातून दुसरी उलगडत जाणारी आवर्तने त्यांनी सांगितली होती. पुढे कोलंबियाचे ओर्लांदो फाल्स बोर्दा यांच्यासारख्या अभ्यासकांनी आग्रह धरला की, हा शोध ज्यांच्या जगण्याशी निगडित आहे त्यांनीच त्यात भागीदार असावे. मला हा आग्रह फार मोलाचा वाटतो, कारण निधी देणाऱ्यांचा प्रतिनिधी समोर बसलेला असला की ‘सगळे छान चालले आहे’ याखेरीज सहसा काही ऐकू येत नाही. म्हणून पहिली बैठक गटाची स्वतःचीच असू द्यावी.

लिहिता-वाचता न येणारे सदस्य असतील तर वहीचा हट्ट धरू नये. जमिनीवर नकाशा काढून, किती घरे वर्गणी देतील असे वाटते तितके खडे एका बाजूला मांडावेत, आणि महिन्याने ज्यांनी ते मांडले त्यांच्याच हातांनी दुसऱ्या बाजूला प्रत्यक्षातले खडे ठेवू द्यावेत.